मधल्या माणसांची खुर्ची

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका चर्चच्या तळघरातली जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. माझा एक पाय आखूड, त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही आणि माझ्यावर बसणाऱ्यालाही. माझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते, मित्रांनो, तुम्हीच ठरवा. खुर्चीला माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.

कारखान्यातून आले तेव्हा मी हिरवीगार होते. लग्नं झाली, मयतानंतरची जेवणं झाली. "ही भक्कम आहे हो," असं लोक म्हणत. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले.

तिथून मला एक गोष्ट नीट दिसते. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायच्या संध्याकाळी सारं गाव इथे जमतं. चिठ्ठी टाकायची नाही. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात माणसं फारच थोडी, तो मोडतो. तिथल्यांनी दुसरा कोपरा धरायचा, नाहीतर घरी जायचं.

गेल्या खेपेला आघाडीवरच्या उमेदवाराचा कोपरा आर्डिथबाई सांभाळत होत्या. कोपरा तुडुंब भरला होता, तरी त्यांच्या येरझाऱ्या थांबेनात. "नुसत्या आपल्या माणसांवर हा नोव्हेंबरातल्या खऱ्या निवडणुकीत निवडून येत नाही. मधले लोक यायला हवेत," असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या.

मधल्या लोकांचा, म्हणजे सबुरीने घेणाऱ्या उमेदवाराचा कोपरा मोडला. आणि आर्डिथबाईंच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! शेजाऱ्याचा कोपरा मोडल्यावर आमच्याकडे कुणी टाळ्या वाजवत नाही.

मोडलेल्या कोपऱ्यातले म्हातारे लोवेल दुखरा गुडघा धरून उभे होते. खुर्च्या सगळ्या टाळ्यावाल्यांकडे. त्यांनी कोट चढवला. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही.

आर्डिथबाई धावल्या. मला जिन्याखालून ओढलं, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि लोवेलपुढे मांडलं.

"बस, लोवेल."

"ही? ही तर डुलते. तुझ्या उमेदवारासारखी."

"बस रे. भांडायचं तर बसून भांड."

ते बसले. मी कुरकुरले.

"टीव्हीवर तुझा माणूस आम्हाला कुंपणावरचे म्हणाला, आर्डिथ. तुमचं कुंपण वाऱ्याने पडलं तेव्हा कोण आलं होतं गं?"

"तूच आलास. तो चुकलाच, आणि मी त्याच्या लोकांना तसं स्पष्ट कळवणार आहे."

"आधी टाळ्या, मग खुर्ची?"

"उलटं व्हायला हवं होतं," आर्डिथबाई हळूच म्हणाल्या.

शेवटच्या मोजणीची हाक आली. लोवेल उठले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी माझी घडी केली, काखेत मारली आणि लंगडत थेट तुडुंब कोपऱ्याकडे नेलं. अगदी कडेला मला मांडून ते बसले.

"त्याच्यासाठी नाही आलो हं. तू खुर्ची आणलीस म्हणून आलो. नोव्हेंबरचं नोव्हेंबरात बघू."

त्यांच्या मोडलेल्या कोपऱ्यातले बाकीचे मात्र बर्फात केव्हाच निघून गेले होते. आर्डिथबाई कितीतरी वेळ दाराकडेच बघत राहिल्या.

आता मी पुन्हा जिन्याखाली आहे. कुणाचं पाऊल वाजलं की अजूनही दचकते. मित्रांनो, मला नवा रंग नको, आखूड पायही राहू द्या. फक्त बाहेर काढायचंच असेल, तर टाळ्यांच्या आधी काढा.