शालूचं दूध

आमचा नातू भावकू दोन महिन्यांचा झाला नि रोज दिवस कलला की वरडायला लागला. साधं रडणं न्हवं ते. मुठी आवळायचा, पाय पोटाशी घ्यायचा, त्वांड तांबडंलाल, पोट टम्म. जर्मनची दुसरी लढाई चाललेली तवाची गोष्ट. माझा ल्योक भरमू कोगनोळीस्नं निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायचा. घरात मी नि सून शालू, दोघीच.

मी काय कमी केलं म्हणता? हिंग उगाळून बेंबीभोवती लावला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकलं. मांडीवर पालथं घालून पाठ चोळली. सहाणेवर मुरडशेंग नि वेखंड उगाळून गुटी केली नि माझ्याच बोटानं चाटवली. माझं बोट त्वांडात गेलं की पोरगं मिटक्या मारत गप व्हायचं. शेजारच्या मनुबाईला मी म्हणायची, "बघ, आईपाशी ऱ्हात न्हाय, माझं बोट कसं वळखतंय!" लई ताठा व्हता मला त्या बोटाचा. घटकाभरानं पुन्हा किंकाळी फुटायची, मग मी शालूकडं वळायची.

"काय खाल्लंस गं?"

"काय न्हाय आत्याबाई. भाकरी नि आमटी."

"मग आमटीच बाधली. उद्यापास्नं आमटी बंद."

आमटी बंद झाली. मग वांगं, मग हरभऱ्याची डाळ, मग मिरची. शेवटाला भात नि मिरपूड एवढंच तिच्या ताटात ऱ्हायलं. वली बाळंतीण ती, गालाची हाडं वर आली. तिचा भाऊ बेळगावास्नं खव्याचा कुंदा घेऊन आलता, तो मी तिच्यादेखत मनुबाईच्या पोरास्नी वाटला. शालू खाली मान घालून बसली. आज आठवलं की माझी मलाच किळस येती.

आमच्यात एक रीत हाय. बाळंतिणीचं दूध बाधतंय असं वाटलं की ते वाटीत पिळायचं नि त्यात जिती मुंगी सोडायची. मुंगी भायेर आली तर दूध चांगलं, मेली तर नासकं. सुट्टीच्या दिवशी भरमू घरात असताना मी मनुबाईला साक्षीला बोलावलं. शालूनं भिंतीकडं त्वांड करून दूध काढलं नि दोन्ही हातांनी वाटी माझ्याम्होरं ठेवली. मी उंबऱ्यावरची मुंगी चिमटीत धरली नि सोडली.

मुंगी हललीच न्हाय.

"बघ भरम्या!" मी वरडले. "इख पाजतीया तुझ्या लेकराला!"

भरमू माझ्या शब्दाभायेर कधी गेलाय! शालू मातर माझ्या पायावर पडली. "आत्याबाई, मला उपाशी ठेवा, पर पोराला माझ्यापास्नं तोडू नका." मी पाय मागं घेतला. दुसऱ्या दिवशी तिला बोरगावला म्हायेरी घालवली नि भावकूला शेळीच्या दुधावर ठेवलं. गाडीत चढताना तिची चोळी दुधानं भिजलेली दिसली मला. बघून न बघितल्यागत केलं.

पोराचं काय थांबलं न्हाय. शेळीचं दूध, तरी दिवस कलला की तेच. मी आपली म्हणायची, आईचं इख अजून पोटात हाय, निघंल हळूहळू. पंधरा दिवस असंच म्हणत ऱ्हायले.

मग माझी दाढ सुजली. मला मिसरीचा नाद. भरमूनं आणलेली तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची नि बोटानं दातावर घासत बसायचं, दिवसातनं चारदा. हिरडी ठणकाय लागली तशी मिसरी सुटली. चार दिवस डबीला हात लावला न्हाय. नि ते चारी दिवस भावकू हसून खेळून ऱ्हायला. मनुबाई म्हणाली, "उतरलं गं बाई इख!" मी देवाला नारळ फोडला.

पाचव्या दिवशी दाढ बसली. दुपारी निवांत मिसरी लावली, थुकले, बोट लुगड्याला पुसलं. पोरगं कुरकुरलं म्हणून तेच बोट गुटीत बुडवून त्याच्या त्वांडात दिलं, रोजच्या सवयीनं. घटकाभरात पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, तीच किंकाळी.

मी बोट वर धरून बघितलं. नखात काळं. नाकाला लावलं तर तंबाखूचा भपकारा. अगं बया! ती मुंगीबी ह्याच चिमटीत दाबून धरलेली, ह्याच मिसरीत लडबडलेली. वाटीत पडायच्या आधीच मेलती ती. सुनेच्या दुधाला नावं ठेवली नि इख मीच चाटवत व्हते, लाडानं.

कुणाला कळलं न्हवतं. म्हणून तर मला वाईट बुद्धी सुचली. राखेनं हात खसाखसा घासला नि ठरवलं, शालूला आणायचं, "तुझं दूध आता निवळलं असंल" म्हणायचं, झालं. कुणाच्या बापाला कळतंय! दुसऱ्या दिवशी गाडी जुंपाय लावली नि पोराला घेऊन बोरगावला गेले.

शालूच्या आईनं पाय धुवाय पाणी दिलं, गुळाचा च्या ठेवला. एक वाकडा शब्द न्हाय. शालू आतनं पळत आली नि दारातच थांबली. भावकूवरनं तिची नजर हलंना, पर हात काय म्होरं करंना.

"घे की गं," मी म्हटलं. "निवळलं असंल दूध आता."

ती दोन पावलं मागं सरली. "नको आत्याबाई. माझ्यानं बाधंल त्याला. तुमच्यापाशी बरा हाय. मी लांबनंच बघते."

पोरीनं ते खरं मानलं व्हतं! आपलंच अंग नासकं म्हणून वीस दिवस कुढत बसली व्हती. वाटंभर जुळवलेलं माझं सगळं तिथंच ऱ्हायलं. तिची आई समोर, शेजारणी दारात. लाजंनं जीव जातोय का काय असं झालं, तरी उजवा हात म्होरं केला.

"शालू, तुझं दूध चांगलंच व्हतं. ह्या बोटाची मिसरी पोराच्या पोटात जात व्हती. मुंगीबी म्याच मारली. तुझ्यात कायबी खोट न्हवती गं."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शालूनं झटकन पोरगं ओढून घेतलं, भिंतीकडं त्वांड करून बसली नि पदराखाली धरलं. पोरगं वढाय लागलं. थांबलं. पुन्हा वढलं. मग रडाय लागलं, नि हे रडणं भुकेचं व्हतं. वीस दिवसांत तिची छाती आटून गेलती.

शालू माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता तरी बोलंल, त्वांडाला येईल ते बोलू दे. डोळ्यात पाणी व्हतं, पर राग न्हाय, नुसती घाई.

"आत्याबाई, दूध येत न्हाय," ती म्हणाली. "आता काय करू? तुम्हीच सांगा की."

अजूनबी ती मलाच इचारत व्हती.