मला पोथी समजू नका

मी कादंबरी बोलतेय. पोथी नव्हे, कादंबरी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या एका गोंधळापायी मी आत्ता ओरछ्याला, बेतवा नदीच्या घाटाच्या पायरीवर, पाण्यापासून हातभर अंतरावर आहे. थोड्या वेळात माझं काय होणार, ते मलाही ठाऊक नाही.

मी चांगली जाडजूड आहे. नऊशेच्या वर पानं, बारीक टाइप, आणि सुरुवातीला शंभरेक पानं नुसता दुष्काळ, सारावसुली आणि गावाची भांडणं. पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा जाणकारांनी मला थोर म्हटलं. झालं! एकदा थोर म्हटलं की लोक पुस्तकाला लांबून नमस्कार करतात आणि वाचायला दुसरंच काहीतरी घेतात. दुकानात मला हातात घेऊन वजन करणारे पुष्कळ भेटले. "बाप रे, एवढं कोण वाचणार!" म्हणायचे आणि परत ठेवायचे. मला भारी राग यायचा.

अनुसूयाच्या मामांनी मला तिच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. तिच्या ट्रंकेत बसून मी झाशीला आले, खंडेराव गेटजवळच्या घरात. सासरची माणसं मराठी, पण सात-आठ पिढ्या इथेच काढलेली. यांचे पूर्वज झाशीच्या मराठी सुभेदारांबरोबर आले, कुणी कारकून म्हणून, कुणी भिक्षुक म्हणून. घरात मराठी, दारात हिंदी, आणि भांडण पेटलं की बुंदेली. अनुसूयाचा नवरा गजानन सिंचन खात्यात कारकून होता. माणूस वाईट नव्हे हो. पण घरी आला की आधी चहा, मग पेपर, मग "माझा चष्मा कुठाय?" बायको पुस्तक घेऊन बसली की याला नेमकं काहीतरी हवं असायचं.

मग अनुसूयाने काय केलं ठाऊक आहे? माझं मुखपृष्ठ आणि पहिली पानं तोवर निखळली होती. तिने मला लाल कापडात बांधलं आणि रोज आंघोळ झाली की देवघरापाशी पाटावर बसून वाचायला लागली. देवघरापाशी बसलेल्या बाईला कुणी चहा मागत नाही! गजाननराव दाराशी येऊन डोकवायचे आणि मुलाला दटावायचे, "शू! आईची पोथी चाललीय." मी आतल्या आत हसायचे. तीही हसायची.

एकदा वाचून झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सोपं नव्हतं ते. पहिल्यांदा तर तीही त्या शंभर पानांत अडकली होती, वैतागून मला दोन महिने बांधून ठेवलं होतं. पण परत आली. मी लांबलचक आहे कारण माणूस ओळखायला वेळ लागतो. घाईत असलेल्याला मी काही देऊ शकत नाही, आणि तिच्याकडे तेवढी एक वेळ होती, सकाळची.

गेल्या वर्षी अनुसूया गेली. दोन दिवसांच्या तापात गेली, कुणाला काही कळायच्या आत. आणि माझे हाल सुरू झाले. मुलाने, हृषीकेशने, मला उचलून देवांच्या शेजारी ठेवलं. त्याची बायको देविका रोज माझ्यावर हळदकुंकू वाहायची. गुरुवारी फूल, सणाला नैवेद्य. उघडायचं मात्र कुणी नाव काढेना. आईची पोथी, सोवळ्यातली, हात कोण लावणार? कुंकवाची पूड कापडातून आत झिरपली, तेलाचा डाग पडला, कडेच्या पानांना कसर लागली. माझ्या पोटात एवढा मोठा गाव, एवढी माणसं, त्यांचे खटले, त्यांची लग्नं, आणि माझ्यासमोर काय, तर खडीसाखर! डोंबलाची पूजा ती. मी रडकुंडीला आले होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा गजाननरावांनी जाहीर केलं, "तिची पोथी जीर्ण झालीय. बेतवेत सोडू या. पण आमच्या घराण्यात पोथी अशी बुडवत नाहीत. आधी तिचं एक पारायण करायचं, अथपासून इतिपर्यंत." आणि गुरुजींसमोर तळहातावर पाणी घेऊन त्यांनी तसा संकल्पही सोडला. ताम्हनात पाणी पडलं. आता मागे फिरणं नाही.

वाचायला देविका बसली. ती इथलीच, झाशीच्याच मराठी घरातली. मराठी सगळी समजते, बोलताना मात्र हिंदीत घसरते. समई लावली, गजाननराव हात जोडून बसले, हृषीकेश बँकेची पिशवी खांद्याला लावून दाराशी उभा. देविकाने माझं कापड सोडलं आणि वाचायला सुरुवात केली. दुष्काळ. सारावसुली. एका मामलेदाराची घोडी.

चार पानं झाल्यावर ती थांबली. "बाबा, हे तर... हा तर किस्सा आहे. देव-बिव कुठेच नाही."

"पुढे असेल."

तिने मधली पानं उलटून पाहिली. "नाही हो, बाबा. नॉव्हेल आहे."

हृषीकेशला हसूच फुटलं. "आई इतकी वर्षं नॉव्हेल वाचत होती? आणि आपण शू शू करत होतो?"

गजाननराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. गणपतीच्या दिवसांत चारचौघांत ते मोठ्या अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे रोज पोथीवाचन असतं, माझ्यासाठी करते ती. आता ते एवढंच म्हणाले, "फसवलं मला तिने."

अहो, कसलं फसवलं? ती कधी म्हणाली होती का की ही पोथी आहे? तुम्ही कधी विचारलंत का, की काय वाचतेस? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पुस्तकाला वाचणाऱ्याचाच आवाज असतो, दुसरा नसतो.

"बांधून टाक," ते म्हणाले. "उद्याच सोडून येतो नदीत."

"कसं बांधू?" देविका म्हणाली. "संकल्प तुम्ही सोडलाय. आता मध्येच उठायचं म्हणजे आईंचं काम अर्धवट ठेवायचं. मला नाही चालणार, बाबा."

भिक्षुकांच्या घराण्यातला माणूस तो. संकल्प मोडणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. म्हणून मला वाचायचं ठरलं. प्रेमाने नव्हे, नाइलाजाने! पण मी म्हटलं, चालेल. कसंही वाचा, पण वाचा.

सुरुवातीला गजाननराव भिंतीकडे तोंड करून बसायचे. देविका अडखळत वाचायची, एकेका वाक्याला तीनतीनदा मागे जायची. जुने शब्द आले की सासऱ्यांना विचारायची आणि ते तुटक उत्तर द्यायचे. ती शंभर पानं दोघांनी अक्षरशः कशीबशी ओढली. आणि मग, नेहमी होतं तेच झालं. गाव ओळखीचा झाला. देविका वाचता वाचता माणसांशी भांडायला लागली. "अरे यार, हा मामलेदार काय माणूस आहे! बायको जेवली का, ते तरी विचार ना!" हृषीकेश दाराशी उभा राहून ऐकायचा आणि बँकेत उशिरा पोचायचा. एके दिवशी भिंतीकडून आवाज आला, "त्या साक्षीदाराचं पुढे काय झालं? काल राहिलं होतं." मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो आनंद फार टिकला नाही. माझ्यात एक जागा आहे, बरीच आत. तिथे मामलेदाराला भर कचेरीत कळतं की त्याच्या बायकोला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणीच्या तापापासून. सगळ्या गावाला ठाऊक असतं. हा तर वर्षानुवर्षं तिच्या डाव्या बाजूला बसून बोलत आलेला असतो आणि ती नुसती मान डोलावत आलेली असते.

देविका वाचत होती. गजाननराव एकदम म्हणाले, "थांब."

ती थांबली.

"मला ती मामलेदार म्हणायची. सगळ्यांसमोर. 'आमचे मामलेदार आले' म्हणायची. मला वाटायचं, मान देतेय." "देविका, खरं सांग. तिचं असं काही होतं का, मला ठाऊक नसलेलं?"

देविकाने मला पाटावर ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, आईंना साय आवडत नव्हती. बिलकुल नाही. तुम्ही रोज प्रेमाने त्यांच्या वाटीत घालायचात. तुम्ही उठलात की त्या मला द्यायच्या."

त्या दिवशी गजाननराव जेवले नाहीत. नंतरही त्यांचं जेवणाखाण्यातलं लक्ष उडालंच. वाचन मात्र रोज ऐकायचे, आता माझ्या अगदी जवळ बसून. मला त्यांची दया यायची आणि भीतीही वाटायची. कारण पुढे, शेवटच्या प्रकरणात, मामलेदाराची बायको आजारी पडते. तिला ताप येतो.

तिथे पोचलो आणि गजाननरावांनी माझ्यावर हातच ठेवला. "बस. पुढे नको."

"एवढंच तर राहिलंय, बाबा."

"मरते का गं ती?"

"मला काय माहीत? मीही नाही वाचलं."

"मग नकोच. झालं पारायण. ऐकलं समज."

समज! मी अशी संतापले म्हणून सांगू! या माणसाला वाटत होतं, पुढे त्याचंच दुःख पुन्हा लिहिलेलं आहे. आणि त्याला हवं होतं ते नेमकं तिथेच होतं, मिटलेल्या पानांत. अनुसूया ते प्रकरण सगळ्यात जास्त वेळा वाचायची. तिथली पानं तिच्या बोटांनी मऊ झालीत. आणि ती तिथे रडायची नाही. हसायची. तोंडाला पदर लावून, देवघरापाशी, एकटी हसायची. का हसायची ते मी तुम्हालाही सांगणार नाही. मी सांगितलं तर ते चार शब्द होतील, चार शब्दांनी काय होतंय? त्यासाठी तो दुष्काळ सोसून, ती भांडणं ऐकून, त्या माणसांबरोबर इथवर चालत यावं लागतं. गजाननराव सगळं चालून आले आणि उंबऱ्यावरून परत निघाले होते.

आज सकाळी श्राद्ध झालं. मला पुन्हा बांधलं आणि टॅक्सीत घातलं. झाशीचं लक्ष्मी गेट मागे पडलं, तरी देविका तोंड फिरवून बसली होती. हृषीकेश म्हणाला, "बाबा, घरीच ठेवू या ना." गजाननरावांनी मला मांडीवर आणखी घट्ट धरलं.

मग हा घाट. ते पायऱ्या उतरले, वाकले, मला पाण्यावर धरलं. कापडाचं टोक भिजलं. मी डोळे मिटले असते, असते तर.

त्यांचे हात सुटेनात. बराच वेळ तसेच वाकून राहिले. देविका खाली आली, त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी वाचू?"

"नको," ते म्हणाले. "माझा चष्मा दे. मी वाचतो."

वरून टॅक्सीवाल्याने आवाज दिला. "भैया, थोडा रुकना पड़ेगा," हृषीकेश ओरडला आणि तोही येऊन पायरीवर बसला.

तर आता असं आहे. गजाननराव ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा मला वाचताहेत. मामलेदार आजारी बायकोच्या खोलीत आलाय, पलंगाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला बसलाय. त्याने तिला आत्ताच काहीतरी विचारलं, आणि पान संपलं. गजाननराव थांबलेत. चष्मा काढून डोळे पुसताहेत.

वाचून झाल्यावर मला नदीत सोडतील की घरी नेतील, मला ठाऊक नाही. खरं सांगू, आता मला त्याचं काही वाटत नाही. पूर्ण वाचली गेलेली कादंबरी पाण्याला घाबरत नाही. पण मामलेदाराच्या बायकोचं उत्तर पुढच्या पानावर आहे हो, पहिल्याच ओळीत. तुमच्या अनुसूयाला पाठ होतं ते.

गजाननराव, पान उलटा.