वीसचे दहा

भिकीने नविनला चोर म्हटलं ते बोअरिंगवर, हंडे भरायला आलेल्या सगळ्या बायांच्या देखत.

"माझ्या मेलेल्या माणसाचे दहा हजार खाल्लेस तू!"

नविन सुटून आल्याला आठवडाच झाला होता. गालफडं बसलेली, चालताना धाप लागायची. तो आणि भिकीचा नवरा सुक्या, दोघे अमृत मुकादमामार्फत गुजरातच्या ओखा बंदरातल्या एकाच बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. २०१७ च्या जानेवारीत पाकिस्तानने ती बोट पकडली आणि दोघांना कराचीच्या तुरुंगात टाकलं. नविन २०२३ च्या मे महिन्यात परत आला. सुक्या मार्चमध्येच छातीच्या दुखण्याने तिथेच वारला होता. त्याचं प्रेत पेटीत बंद होऊन आलं.

तुरुंगात सुरुवातीला सुक्या मण्यांच्या पिशव्या विणायचा, पुढे छातीच्या दुखण्याने ते सुटलं. त्याचे साठलेले पैसे नविनने जिवापाड सांभाळून आणले, अमृतसरला बदलून घेतले आणि भिकीच्या हातात दिले. दहा हजार रुपये.

पण भिकीकडे सुक्याचं पत्र होतं, जुलै २०१८ चं. तिने ते मुलीकडून, शितलकडून, इतक्यांदा वाचून घेतलं होतं की तोंडपाठ झालं होतं. 'सजा संपली. आम्ही इंडियाचे असल्याचे कागद आले की सोडतील. इकडचे छत्तीस हजार जमलेत. हवालदार सांगतो, आपले वीस हजार होतात.'

"वीसचे दहा कसे झाले, सांग ना!"

"तिकडचा पैसा पडला, वहिनी."

"पैसा काय झाडावरून पडतो?"

नविन खाली मान घालून निघून गेला आणि भिकीला वाटलं, खरं असतं तर बोलला असता.

त्यानंतर पाड्यात नविनला कोणी हाक मारेनासं झालं. भातलावणीला त्याला कोणी बोलावलं नाही. त्याची बायको सरिता पाण्याला आली की बाया हंडे बाजूला सरकवायच्या. भिकीच्या पोटात आग होती, आणि ती विझावी असं तिला वाटतही नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला, एका सकाळी नविन तिच्या ओट्यावर आला. दहा हजार रुपये ठेवले, वर एक दगड ठेवला आणि वळला.

"बघ," भिकी शितलला म्हणाली, "पचली नाही चोरी."

शितल तलासरीला अकरावीत होती. तिने दगडाखालच्या नोटांकडे पाहिलं, मग मोबाईल घेऊन बसली. बराच वेळ तिचं बोट काचेवर फिरत होतं.

"आय, इकडे ये. यात जुने भाव आहेत. आपल्या एका रुपयाला त्यांचे किती मिळायचे ते. बाबाने पत्र लिहिलं तेव्हा एक रुपया ऐंशी पैसे. छत्तीस हजारांचे वीस हजार बरोबर होतात. पुढच्या वर्षी सव्वादोन झाले. आणि नविनकाका आला त्या महिन्यात जवळजवळ साडेतीन."

"म्हणजे?"

"त्यांचा रुपया पडला. बदलणाऱ्याने वर थोडं कापलं असेल. दहा हजारच होतात, आय."

भिकी त्या आकड्यांकडे बघत राहिली. सजा संपली तेव्हा वीस हजार होते आणि नवरा जिवंत होता. मग पाच वर्षं कागदांची वाट.

"कागदाला पाच वर्षं कशी लागली, ते बघ त्यात."

"ते यात नसतं."

"मग काय कामाचा तो फोन!" ती ओरडली, आणि मध्येच थांबली. "नविनने हे दहा हजार आणले कुठून?"

ती नोटा उचलून तशीच सरिताकडे धावली. सरिताने दारातूनच सांगितलं, "अमृत मुकादमाकडून उचल घेतली. चारोटीला गेलेत. आज गाडी निघते ओख्याला. तुझी आग विझवायला."

चारोटी नाक्यावर जीप उभी होती. मागच्या बाकावर नविन, मांडीवर पिशवी घेऊन. भिकीने रिक्षा पुरती थांबायच्या आत उडी मारली.

"उतर खाली!"

नविन हलला नाही.

"उतर म्हणते ना! पुन्हा मरायला चाललास? कोणासाठी? माझ्या बोलण्यासाठी? मी खोटं बोलले, ऐकलंस?"

अमृत मुकादम पुढे आला. "भिकी, याने उचल घेतलीय."

तिने नोटांचं पुडकं त्याच्या छातीवर आपटलं. "ही घे तुझी उचल."

"पैसे घेऊन काय करू? मला माणूस पाहिजे."

"माणूस दिला होता तुला! सहा वर्षांत एकदा तरी माझ्या दारात आलास? पेटी आली तेव्हा तरी आलास?"

वडापावच्या गाडीवरची माणसं वळून पाहू लागली. अमृतने नोटा मोजल्या, खिशात टाकल्या. नविन उतरला. त्याची पिशवी बाहेर यायच्या आत दुसरा एक पोरगेला माणूस त्याच्या जागेवर चढला, आणि जीप निघाली. भिकीला तिच्यामागे दगड मारावासा वाटला.

दोघं नविनच्या घरी परत आली. अंगणात सरिता उभी होती.

"खोटं बोलले मी," भिकी म्हणाली. आवाज भांडणाचाच होता.

"चोर म्हणालीस पाड्यासमोर. इथे मला एकटीला काय सांगतेस?"

भिकी गर्रकन वळली आणि पाड्यातल्या पहिल्या घरापाशी गेली. मग दुसऱ्या. प्रत्येक दारात उभी राहून, कोणी जेवत असो की तांदूळ निवडत असो, ती ओरडून सांगत होती, "नविनने एक पैसा खाल्ला नाही!"

शेवटून तिसऱ्या घरात म्हातारा झिपरू विडी ओढत बसला होता.

"मग खाल्ले कोणी?" त्याने विचारलं.

"कोणी नाही!" भिकी किंचाळली. "कोणीच नाही खाल्ले, तेच तर!"

आणि डोळे पुसत ती पुढच्या घराकडे निघाली.