दोघांत एक लॅपटॉप

कानसेनांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि दुकानातल्या मुलीला विचारलं, "लावून बघू का? माझं लिनक्स या लॅपटॉपवर नीट चाललं, तरच पुढचं बोलणं."

मुलगी हसून हो म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने कपाळाला हात लावला, कारण हे चौथं दुकान होतं.

कानसेन हे त्यांना मित्रांनी दिलेलं नाव. दृष्टिहीन वाचकांसाठी ते घरातल्या छोट्या खोलीत पुस्तकं ध्वनिमुद्रित करत. पानाची सळसळ, वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुर, काही म्हणून त्यांच्या कानातून सुटत नसे. निदान पूर्वी तरी. बायकोचं कामही कानांचंच. ती लोकांच्या घरी जाऊन श्रवणयंत्रं बसवून द्यायची. यंत्रं जुळवायचा तिचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चाले, यांचा सगळा कारभार लिनक्सवर. दोघांचेही संगणक एकाच महिन्यात म्हातारपणाने गेले, तेव्हा ठरलं की दोन्ही सिस्टिम चालतील असा एकच लॅपटॉप घ्यायचा. सकाळी तिचा, दुपारनंतर यांचा.

बायकोच्या मनात आणखी एक गोष्ट होती. वर्षभर ती मागे लागली होती, एकदा कान तपासून घ्या. अलीकडे यांनी केलेल्या रेकॉर्डिंगमधला 'स' टाचणीसारखा टोचायचा. एक पुस्तक तर त्यापायी परत आलं होतं. बारीक आवाज यांना ऐकूच येत नाहीत, म्हणून हे ते वाढवून ठेवतात, हे तिने ओळखलं होतं. असंच चाललं तर काम जाईल आणि कामाबरोबर हा माणूसही खचेल, या धास्तीने तिला झोप लागत नसे. विषय काढला की कानसेन म्हणत, "माझे कान? अगं, त्यांच्यावर तर घर चालतं."

दुकानातली मुलगी चुणचुणीत होती. एकाच डिस्कचे दोन भाग पाडण्यापेक्षा दोन डिस्क बसतील असा लॅपटॉप घ्या, म्हणजे तुमचं तुमच्याकडे आणि बाईंचं बाईंकडे, असं तिने सुचवलं. शेवटी दोन लॅपटॉप उरले. दोन्हींवर लिनक्स बिनबोभाट चाललं. राहिला पंख्याचा आवाज. माइकच्या शेजारी घरघरणारं यंत्र कानसेनांना चालणार नव्हतं.

मुलीने दोन्हींना भरपूर काम लावलं, तसे पंखे फिरू लागले. कानसेन वाकले, डोळे मिटून ऐकू लागले. डावा लॅपटॉप इतका बारीक किंचाळत होता की पलीकडचं गिऱ्हाईक मान वळवून बघायला लागलं.

"हाच," डाव्यावर हात ठेवून कानसेन म्हणाले. "पंखा चालू आहे की नाही तेच कळत नाही."

मुलगी काही बोलणार, तोच बायकोने तिच्या हातावर हात ठेवला.

"मला उजवा हवाय," ती म्हणाली. "त्याचा रंग छान आहे."

लॅपटॉप काय रंग बघून घेतात, पडदे आहेत का ते, असं कानसेन घरी पोहोचेपर्यंत कुरकुरत होते. पण दुसरी सिस्टिम टाकताना ते गुणगुणायला लागले. लॅपटॉप सुरू झाला, कोणती सिस्टिम उघडू म्हणून त्याने विचारलं, आणि पहिला मान त्यांनी तिला दिला. तिने हेडफोन आणले. प्रोग्राम नीट चालतोय का बघायला कुणीतरी बसायला हवं, म्हणाली. काम म्हटल्यावर ते निमूट बसले.

हेडफोनमधला एकेक आवाज ऐकू आला की ते बोट वर करत, तसतशी स्क्रीनवर रेघ उमटत गेली आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, धाडकन खाली आली. हयातभर आवाजांचे आलेख बघितलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

"दुकानातला तो डावा... वाजत होता?"

"खूप."

"आणि रंग?"

"अहो, दोन्ही काळेच होते."

पडलेल्या चेहऱ्यानेच कानसेनांना हसू फुटलं. मग तीही हसली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. हसू ओसरल्यावर तिने आपल्या कामाच्या पेटीतली श्रवणयंत्रं काढली, लॅपटॉपला जोडून जुळवली आणि त्यांच्या कानांत बसवली.

"कसं वाटतंय?"

"ओरडतेस कशाला?"

ती थबकली. किती वर्षं आपण या घरात वरच्या पट्टीत बोलतोय, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. हळू बोलायची सवयच मोडली होती. तिने दोनदा घसा साफ केला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चहा ठेवू का?"

ऐकू आलं होतं, तरी कानसेन म्हणाले, "परत बोल."