चहा होईपर्यंत सांगितलेलं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बंदराच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात राहतो. कारखान्यात मला जोडलं, तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर गाणी वाजवायची. पण माझ्या वाट्याला आलं एक बुडालेलं जहाज.

त्या जहाजातून वाचलेल्या माणसांचं बोलणं जमवायला एक बाई मला खांद्याला अडकवून घरोघर फिरत. खलाशी बोलले, आचारी बोलला. मग आम्ही एका शिंप्याकडे गेलो. त्याची बायको आणि लहान लेक जहाजावर होत्या. बायको वाचली, लेक गेली. तो धक्क्यावर वाट पाहत उभा होता.

"पाणी घोट्याला लागलं, तशा मी चपला हातात घेतल्या," बायको सांगू लागली. "जीव चाललाय आणि मला चपलांची काळजी!"

"वाराही केवढा होता," शिंपी म्हणाला.

"अहो, जहाजावर मी होते की तुम्ही? जा, चहा टाका बघू."

तो गेल्यावर तिने आवाज खाली आणला. "लेकीला ताप होता. माझ्या खांद्यावर ग्लानीत पडून होती. तिने डोळे उघडलेच नाहीत. यांनी कधी विचारलं नाही, आणि माझी जीभ उचलली नाही."

तो कप घेऊन आला. ती गप्प झाली.

पुढे आमचं फार कौतुक झालं. मोठे साहेब शिंप्याच्या बायकोची फीत ऐकत असताना, नेमकी चहाच्या वाक्यावर वीज गेली. कुणीतरी माझी वायर काढली, मला कपाटात ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली, 'मौल्यवान वस्तू. हात लावू नये.' दाबलेलं बटण मात्र कुणी उचललं नाही. आतलं रबरी चाक वर्षानुवर्षं फितीवर दाबून राहिलं. वितळून तिला चिकटलं.

परवा शिंपी आला. बायको नुकतीच गेली होती.

"मी चहा करत होतो तेव्हा ती काय बोलली, तेवढंच ऐकवा," तो कारकुनाला म्हणाला. "लेक फार रडली का, एवढं कळू दे."

"बसा आजोबा, आत्ता लावतो."

त्याने वायर जोडली आणि माझ्यात वीज आली. मला थांबायचं होतं, पण चाक फिरलं. फीत तुटली. पुढचं सगळं बोलणं चाकाला गुंडाळत गेलं आणि त्याचा चुरा झाला.

शिंपी उठला. मग म्हणाला, "राहू द्या. तुम्ही तरी काय करणार?"

मला तिचा शब्दन् शब्द पाठ आहे. पण फितीशिवाय मला वाचा नाही. मित्रांनो, आवाज कपाटात जपू नका. वाजवत राहा, आणि माणूस समोर आहे तोवर त्याला विचारून घ्या. तो म्हातारा तुम्हांला कुठे भेटलाच, तर एवढं सांगा, लेक रडली नाही.