दसऱ्याची लोंबी

कोलशेतला सखुबाईच्या भातशेतात टॉवर उठला आणि त्याच टॉवरात तिला आठव्या मजल्यावर घर मिळालं. दसऱ्याला दाराला नवं बांधायचं, म्हणजे आपल्याच शेतातली भाताची लोंबी तोरणात ओवायची, हा तिचा जन्माचा नेम. यंदा लोंबी आणायची कुठली, या घोरात ती सोसायटीच्या बागेत उतरली, तर कडेला जांभळ्या पातीचं काहीतरी कमरेएवढं वाढलेलं, लोंब्यांनी वाकलेलं.

"माती इसरली नाय गो," ती नातीला म्हणाली. "यो कंचा भात, बघ तुझ्या मोबाइलान."

ऋतिकाने फोटो काढला. "आजी, भात नाहीये हा. शोभेचं गवत आहे. याला दाणाच धरत नाही."

सखुबाईने लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. हातावर काहीच उरलं नाही.

"बाजारात मिळतात की लोंब्या," मागून मयूर म्हणाला. हा तिचा मुलगा. जमिनीच्या कागदांवर तिचा अंगठा त्यानेच उठवून घेतला होता. "येताना आणतो ना, आये."

"आन," सखुबाई पदराला हात पुसत म्हणाली. "आनि इकनाऱ्याला इचार, तुझ्या शेतान टावर कवा उठतंय."