खोक्यात जपलेला बूट

मित्रांनो, बुटालाही जीभ असते हे तुम्ही नाड्या बांधताना रोज पाहता, पण तिला बोलू कोणी देत नाही. आज माझे थोडे ऐका. मी डाव्या पायाचा एक जुना डोंगरी बूट आहे. उजवा माझा जुळा भाऊ, पण तो मुलखाचा अबोल, म्हणून दोघांच्या वतीने मीच सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड चामडे, घोट्याच्या वरपर्यंत उंची आणि खाली दातेरी रबरी सोल. शेवटचा टाका घातल्यावर कारागिराने मला उलटे करून ठोकून पाहिले आणि हा गडी डोंगर चढेल असे शेजाऱ्याला सांगितले. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असतो.

दुकानात मला घ्यायला दोन मैत्रिणी आल्या. एक कपडे शिवायची, दुसरी स्वतःच्या बेकरीत पाव भाजायची. त्यांच्या शाळेच्या खिडकीतून एक उंच शिखर दिसायचे, आणि त्याच्या माथ्यावर जायचे तर दोघींनी मिळूनच, असे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. दोघींनी एकसारखे जोड घेतले. आम्ही शिवणकामवालीच्या घरी गेलो आणि ती आमची मालकीणबाई झाली.

पाववालीने तिचे बूट दुसऱ्याच दिवशी बेकरीत घातले. भट्टीपुढे तासन्‌तास उभे राहायला बरे पडतात म्हणे. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी आमच्या पोटात कागदाचे बोळे कोंबले, आम्हाला खोक्यात घातले आणि खोके कपाटावर ठेवले. शिखरावर जायच्या दिवशीच हे बूट पायात घालायचे, असा त्यांचा नियम होता.

मग लग्न झाले, मुले झाली, सासूबाईंचे आजारपण निघाले. दरवर्षी काही ना काही आडवे यायचेच. मालकीणबाई अधूनमधून आम्हाला खाली काढून मऊ फडक्याने पुसायच्या. कोणी पाहुणे आले की इतकी वर्षे झाली तरी कसे नवेकोरे आहेत म्हणून कौतुक करायचे. मी फुशारून जायचो. पाववालीचे बूट पिठाने माखलेले, पोचे पडलेले, सोल बदललेले. त्यांना पाहून मी मनातल्या मनात हसायचो. खोटे कशाला बोलू?

एक दिवस पाववाली येऊन शिलाई मशीनपाशी बसली. बेकरी विकली, असे ती म्हणाली. महिनाअखेरीस ती परदेशी लेकीकडे राहायला जाणार होती, कायमची. मशीन थांबले. मालकीणबाईंनी स्टूल ओढले आणि कपाटावरचे खोके खाली काढले.

चढाई सुरू झाली तेव्हा माझ्या अंगात वारे शिरले होते. गवताची वाट झाली, सैल दगडांची घसरण झाली. शेवटच्या उभ्या खडकांखाली पोचलो आणि माझा सोल टाचेपासून सुटून फडफडू लागला. न वापरता पडून राहिल्याने आतला गोंद पार मेला होता. कोणाला कळले नव्हते, मलासुद्धा नाही. माझ्यावर कधी एक ओरखडा नव्हता, आणि नेमक्या वेळी मीच कच खाल्ली. अशी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

मालकीणबाई एका मोठ्या दगडावर बसल्या आणि रडू लागल्या.

"तू जा वर. तुला आता परत कधी जमायचं? मी बसते इथं."

पाववाली त्यांच्या शेजारी टेकली. बराच वेळ ती त्या दगडावरून हात फिरवत होती.

"या दगडापर्यंत मी कितीदा तरी आलेय," ती म्हणाली. "बेकरीच्या सुट्टीला यायचे. दरवेळी इथूनच मागं फिरले. एकटीनंच जायचं असतं तर केव्हाच नसते का गेले?"

मालकीणबाईंनी नाक पुसले. त्यांच्या सॅकमध्ये कात्री नसेल असे कधी होत नाही. त्यांनी सॅकचा पट्टा कापला, तो माझ्या तळाखालून घेऊन घोट्याशी करकचून बांधला आणि उठल्या. पाववाली पुढे झाली. ती पाय रोवायची, हात द्यायची, मग मालकीणबाई चढायच्या. माझ्या सोलाचे तुकडे वाटेत पडत होते, पण मी पट्टा धरून राहिलो.

माथ्यावर दोघी कितीतरी वेळ हातात हात घालून उभ्या होत्या. खाली शाळेचे छप्पर कुठे दिसते यावरून त्यांचे चक्क भांडण झाले. मित्रांनो, त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने बूट झालो.

पाववाली गेली. मालकीणबाई आठवण म्हणून मला परत खोक्यात ठेवतील अशी मला धास्ती होती. पण त्यांनी खोक्यात रिळे भरली आणि आम्हा दोघांना नवे सोल बसवून आणले. आता मी बाजारात जातो, चिखल तुडवतो, रोज झिजतो. ओरखडे तर विचारूच नका.

म्हणून सांगतो, वस्तू जपा, पण वापरून जपा. झिजलेले दुरुस्त करता येते. नुसते ठेवून दिलेले कधी संपून जाते ते कळतही नाही. माणसांचेही थोडेफार तसेच असावे, पण मी बूट, मला त्यातले किती कळणार?

बरे, आता निघतो. पाववालीच्या नव्या गावामागेही एक डोंगर आहे म्हणतात, बुटका का असेना. मालकीणबाईंनी तिकीट काढले आहे आणि त्या दारात बसून माझ्या नाड्या बांधताहेत.